दुसरी टाकी

कुसुंबा इथून एका तिकिटाचं अंतर.
पण प्लांटमधून बाहेर पडल्यावर पाच दिवस
गोठ्यात पाय ठेवायचा नाही, असा नियम आहे,
आंघोळ करून, केस धुऊन, नाक शिंकरून,
कपडे आतच सोडून आलं तरी.
नाकातसुद्धा राहतो म्हणे तो,
मुक्कामी पाहुण्यासारखा.
म्हणून देवपूरच्या खोलीत मी, आणि माय फोनवर.

"तू तठे काय करस व, पोर?
ते जित्तं शे का मरेल शे?"

समज, पोस्टाचं पाकीट आहे, माय.
पत्ता, शिक्का, गोंद, सगळं जागच्या जागी.
आतली चिठ्ठी तेवढी आम्ही अशी बिघडवतो
की तिच्यावरून दुसरी उतरवता येऊ नये.
जनावराचं रक्त पाकीट हातात घेतं,
वरचं अक्षर ओळखून ठेवतं,
पुढे खरं पत्र आलं की दार उघडत नाही.

"म्हंजे मरेल," माय म्हणते.
मी हो म्हणते. शेंगा भाजायला ठेवल्यात तिने,
जास्त वेळ नाही.

धुळ्यात मे महिना, पारा पंचेचाळीसवर,
टाकीत मात्र तीस, ना कमी ना जास्त.
लेकराला जपावं तसं त्याला उबेत ठेवायचं
आणि त्याच उबेत औषध सोडायचं.
हातात दुहेरी मोजे,
कारण ते औषध माझीही चिठ्ठी सोडणार नाही.
दर तासाला नमुना.
आलेखावर एक रेघ उतरत जाते,
लळिंगच्या पायवाटेसारखी वळणं घेत नाही,
सुतात उतरते.
आणि कागद संपला तरी शून्याला शिवत नाही.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, झालं, संपलं.
कुवर सरांनी बोटाने वर दाखवलं. झाकण.
"ढवळताना एक थेंब उडाला, तिथे चिकटला.
त्याला औषध लागलंच नाही.
आता काय करशील?"

म्हणून दुसरी टाकी.
सगळं तिच्यात ओतायचं, पुन्हा औषध, पुन्हा रात्र.
पहिलीची झाकणं, भिंती, सांधे
मागे राहतात आपापल्या संशयासकट.
शेवटी थायोसल्फेट.
मारणाऱ्यालाही नंतर विझवावं लागतं.

मग बाटल्या. तळाला जिवंत पेशींचा पातळ थर,
दुधावर येते तशी साय.
त्यांच्यावर आमचा माल घालायचा आणि बघायचं.
दोन दिवस. पुन्हा नव्या पेशी, पुन्हा दोन दिवस. पुन्हा.
साय फाटली तर अख्खी बॅच गटारात,
तीही उकळून.
काहीच न घडण्याची वाट बघणं,
त्याचा पगार मिळतो मला.

मी नववीत होते तेव्हा घडलं होतं.
कपिलीच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत,
रात्रभर गोठ्यातून मचमच आवाज,
जणू कुणी अंधारात आंबा चोखतंय.
बापाने तुरटीच्या पाण्याने तिचे खूर धुतले.
ती वाचली. दूध गेलं.
वासरू पहाटे उभ्या उभ्या कोसळलं,
तोंडात एक फोडसुद्धा नव्हता त्याच्या.
बाप कितीतरी वेळ त्याचा जबडा उघडून
बॅटरीने आत बघत राहिला.

या बॅचचा नंबर मला पाठ आहे.
काल ती बर्फाच्या पेटीतून कुसुंब्याला गेली,
मी जाऊ शकले नाही.
दुपारी फोन वाजला.
मागे घंटी, कुणाच्या तरी म्हशीचं हंबरणं,
बुधा ठेलारीची मेंढरं रांग मोडून पळाल्याचा गलका.

"डॉक्टर सुई टोची गया."
मग?
"मंग काय? कातडी थरथराई तिनी
नि परत कडबा खावाले लागनी."
ताप? लाळ?
"काहीच नई व्हयनं."

नीट बघ, माय.
"बघं ना. काहीच नई."

पुन्हा सांग, म्हटलं.