आठची पट्टी

लग्नसराईत मशीन हँग होते
ती नेमकी मामांच्या नावांवर.
वधूपिता, वरपिता, आजोबा, काका इथवर बरी चालते,
मग मामा सुरू होतात, साकोलीचे, उमरेडचे, काटोलचे,
आणि पडद्यावरचं चाक फिरत बसतं
जसं काही एकेकाच्या दारात जाऊन विचारतंय,
तुम्ही खरंच येणार ना?

"दोन जीबीत अख्खं गोत कसं मावंल, ताई,"
निखारे म्हणाला. बर्डीवर एका जिन्याखाली त्याचं दुकान,
दुकान म्हणजे टेबल आणि टेबलफॅन.
"डीडीआर थ्री आता कोण वापरून राहिलं?
नवी मशीनच घेऊन टाका ना."
म्हटलं, नवीला अजून दोनशे लग्नं लागतील.
तो हसला, खोक्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि कुठल्याशा बंद पडलेल्या सायबर कॅफेची
आठची पट्टी काढून दिली. साडेसहाशे.
आणि गॅरंटी?
"घरी पोचेपर्यंत."

दुपारचे अडीच. सेहेचाळीस डिग्री.
कूलरच्या टाकीत तिसरी बादली ओतली,
मशीनची वायर काढली
आणि आधी नळाला हात लावला,
अंगातली वीज उतरवून टाकायला,
निखाऱ्यानं तसं बजावलं होतं.
नळही तापलेला. चटका बसला.
म्हणजे काहीतरी गेलं, किंवा आलं.

झाकणाला दोन स्क्रू, त्यातला एक कधीपासूनच नाही.
आत कूलरनं ढकललेल्या वाळ्याच्या काड्या,
करंगळीएवढी सुकलेली पाल,
अक्षतेचा एक पिवळा दाणा,
(पहिली पत्रिका लोक माझ्याच हातात देतात)
आणि धूळ, मऊ, कोमट,
मांजरीच्या पिल्लाला हात लागावा तशी.

जुनीचे दोन्ही कान मागे ओढले,
मुकाट वर आली.
नवीला एक खाच असते, मधोमध नाही, जराशी कडेला,
म्हणजे ती उलटी बसतच नाही.
मी पाच मिनिटं उलटीच बसवत होते.
वळवली. अंगठे दाबले, भीती वाटेल इतके.
टक्.

बटण. पंखा फिरला, पडदा काळाच.
तीन शिट्ट्या, डाळ शिजली म्हणाव्यात तशा.

निखाऱ्याला फोन.
"खोडरबर असंल ना घरात? पेन्सिलचं?
सोनेरी दात घासून घ्या. हळू हळू."
अरे, मेमरी ना ती? पुसली गेली तर?
"त्यात काई लिहेलच नसते, ताई.
लाइट गेली का तिचं सगळंच गेलं."

शर्वरी आता हैदराबादला,
पण तिच्या कंपासपेटीत निघाला एक तुकडा,
कडेला निळ्या पेनानं लिहिलेलं : चोरू नये.
त्यानं घासलं. काळा मळ सुटला,
भरतीच्या फॉर्मांचा, रात्री बाराच्या निकालांचा,
की नुसताच हातांचा, कुणास ठाऊक.

टक्. बटण. एकच शिट्टी.

आणि मामा धडाधड उतरले,
साकोली, उमरेड, काटोल,
कुणाला काही विचारलं नाही, कुणी थांबलं नाही.
गंमत म्हणून बारा पत्रिका एकदम उघडल्या,
बाराही मांडव उभे.

जुनी पट्टी कंपासपेटीतच ठेवली, रबराशेजारी.
दहा उन्हाळ्यांतल्या सगळ्या नवऱ्या
तिच्यातून गेल्या, हळद लागायच्या आधी.
एकीचंही नाव तिला सांगता यायचं नाही.
मला तरी किती येतील?

साडेचारला पारशिवनीहून गोल्हरांचा फोन.
छापली नाही ना अजून पत्रिका?
काटोलच्या नत्थूजींच्या नावाला कै. लावा,
हो, सकाळीच. ऊन लागलं.
नाही, तारीख तीच राहू द्या.

कर्सर नावापुढे नेला.
एक अक्षर, एक टिंब.
लगेच उमटलं, चाक फिरलंच नाही.

जरा फिरलं असतं तर चाललं असतं.