तेलंगी लाल

कनकय्या पेंटर जालन्याला उतरला तेव्हा
त्याच्याकडे खारीच्या शेपटीचे सात ब्रश होते
आणि मराठीचे चार शब्द: पाणी, भिंत, किती, उद्या.
'उद्या' त्याला गिऱ्हाइकांनीच शिकवला.

अक्षरं तो चित्रासारखी काढायचा.
म्हणायचा, आमच्या अक्षरांना डोक्यावर तुरा,
तुमची बिचारी दोरीवर वाळत घातलेली.
म्हणून ती दोरी तो शेवटी ओढायचा,
एका दमात, 'कृषी सेवा केंद्र' संपेपर्यंत,
आणि मग खोकायचा.
ऱ्हस्व-दीर्घाचं सोडा.
'दूकान' वाचून धानोरकर गुरुजी सायकलवरून उतरले होते.
एक 'ळ' मात्र कधी चुकला नाही.
तो म्हणे घरचाच,
नुसते कपडे बदलून आलेला.

भिंतीला आधी चिंचोक्याची खळ लावायची, हा हट्ट.
मालक हसायचे, अरे, भिंत आहे, लुगडं नाही.
मी शिडी धरणारा पोरगा, मीही हसायचो.
त्याचा बाप कापडावर पट काढायचा,
दोन हात रुंद, तीस हात लांब,
रात्रभर उलगडत जाणारा.
मागं सगळं लाल. आभाळ लाल, नदीसुद्धा.

तोच लाल त्यानं सरकीच्या कंपन्यांना दिला.
मंठा, परतूर, भोकरदन,
लालावर पांढरी बोंडं
आणि माशासारख्या डोळ्यांची एक वेचणारी बाई.
कुटुंब नियोजनाच्या भिंतीवरही तीच,
दोन मुलं देऊन उभी केलेली.

लोक त्याला तेलंग्या म्हणायचे.
प्रेमानंच, पण म्हणायचे.

फ्लेक्स आलं. तो नंबरप्लेटा रंगवू लागला.
आकड्यांना दोरी नसते, म्हणाला, बरं असतं.

तो गेल्यावर ब्रश पोचवायला त्याच्या गावी गेलो.
कनकय्या नकाशीचं घर? कुणाला कळेना.
मग पानाच्या टपरीवरचा म्हातारा ओरडला,
आँ, जालना कनकय्या!

भावाला मोबाईलवर भिंत दाखवली.
बोट लागून फोटो मोठा झाला तसा दचकला.
डोळे आमच्या आईचे, म्हणाला मोडक्या हिंदीत.
बैल नानांचा.
हा काळा मात्र आमच्यात नव्हता,
बाईच्या पायाखालचा, भेगांचा. हा कुठला?
तिकडचा, मी म्हणालो.

खाली काय लिहिलंय?
वाचून दाखवलं: उगवण हमखास.
म्हणजे?
मी सांगायला गेलो
आणि 'उगवण'शीच अडलो.
तेवढ्यात आतून कुणीतरी चहा आणला.