बिगर-वैज्ञानिक सदस्य

समितीच्या यादीत माझ्या नावापुढे असंच लिहिलंय.
म्हणजे, जिला यातलं काही कळत नाही ती.
अठ्ठावीस वर्षं महालातल्या शाळेत मराठी शिकवलं,
आता तीन महिन्यांतून एकदा
अमरावती रोडवरच्या या इमारतीत येते.
तर्री-पोहे, चहा, आणि समोर अर्ज.

अर्ज सतरावा. सिकलसेलच्या दुखण्यावर एका झाडाचा अर्क.
पांढरे उंदीर, नर, अठ्ठेचाळीस.
शेवटच्या रकान्यात एकच शब्द: विल्हेवाट.

अठ्ठेचाळीसच का, मी विचारलं.
डॉक्टर राखुंडे म्हणाले, मॅडम, सहाचे आठ गट.
म्हटलं, हे पाढे झाले. कारण सांगा.
थोडा वेळ नुसता कूलर बोलत राहिला.

नियमाप्रमाणे मग खाली, प्राणीगृह बघायला.
दारात चपला काढल्या, निळ्या टोप्या घातल्या.
भुशाचा वास, बाटल्यांच्या नळ्यांची टिकटिक,
आणि उईके, हात धुवून उभे.

रजिस्टर चाळलं.
मेच्या एकोणीस तारखेला तीन मृत्यू.
प्रयोग तेव्हा सुरूच झाला नव्हता. आजारही नव्हता.
कारणाखाली बॉलपेननं, दाबून: गर्मीनं.

त्या दिवशी शेहेचाळीस डिग्री.
दुपारी दोनला लाइन गेली, जनरेटरात डिझेल नव्हतं,
साहेबांचा फोन लागत नव्हता.
उईकेंनी बारदानं भिजवली, पिंजरे व्हरांड्यात आणले,
सायकलवर बर्फाची लादी आणली कॉटन मार्केटहून,
अर्धी वाटेतच गळली.
पंचेचाळीस वाचले.
त्यांना कोणी विचारलं नाही. तीन कमी का झाले, ते विचारलं.

मी विचारलं, यांना दुखतंय हे तुम्हाला कसं कळतं?

'थे सांगत नाही नं म्याडम.
डोये बारीक करते. कान मांगं जाते.
कोपऱ्यात जाऊन पाठ वाकवते.'
मग पिंजऱ्याची कडी उगाच लावत, काढत:
'माही पोरगी बी तसंच करते.
तिचं बी सिकलसेलच हाये.
रडत नाही. मी डोयेच पायतो तिचे.'

पाठीमागे राखुंडे होते.
त्यांनी टोपी काढली, परत घातली.

वर्गात मी दरवर्षी सांगायची
की विद्या आणि वेदना, दोन्ही एकाच धातूतून आले,
विद्, म्हणजे जाणणे.
मागच्या बाकावरची पोरं जांभया द्यायची.
मीसुद्धा सांगून पुढच्या धड्यावर जायची.
आज त्या खोलीत, भुशाच्या वासात,
तो धातू पहिल्यांदा हाताला गरम लागला.

वर आलो. अर्ज पुन्हा उघडला.
राखुंड्यांनी स्वतःच दोन गट खोडले.
छत्तीस.
कमी झाले म्हणून मला बरं वाटलं,
आणि बरं वाटलं याचं बरं वाटलं नाही.
मी काही उंदरांची आई नाही.
त्या पोरीलाही मी पाहिलेलं नाही.
छत्तीसमधला एखादा कान मागे नेईल,
तेव्हा मी घरी ओट्यावर वांगी चिरत असेन.

म्हणून सहीच्या आधी पेन्सिलीनं
एक रकाना आखला, पट्टी नव्हती, वाकडाच आला:
दुखतंय का, हे रोज कोण पाहणार? नाव लिहा.

राखुंड्यांनी लिहिलं: सोनबा उईके.
पुढे हुद्दा विचारला होता.
क्लार्कनं आस्थापनेची यादी काढून वाचला:
अकुशल कर्मचारी.
आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही.
मी सही केली.

बर्फाची पावती अजून फायलीत आहे, टाचणीला गंज धरलाय.
एकशे ऐंशी रुपये.
शेरा: असा खर्च कोणत्या शीर्षाखाली येतो, ते कळवावे.