चित्रकोपरा

वरून आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय:
प्रत्येक बालवाडीत एक चित्रकोपरा असावा.
पुस्तिका हातात धरून मी
तंबूतून एक चक्कर मारली, मग आणखी एक.
आमच्या गेरला कोपराच नाही.
नमद्याचं गोल अंग, मधोमध चूल,
भिंत निघते तिथेच येऊन मिळते.
इथे पोराला कोपऱ्यात उभं करायची
शिक्षासुद्धा देता येत नाही.

जूनमध्ये कळप वरच्या कुरणांवर गेले
की त्यांच्या मागून बालवाडी जाते, एका ट्रकात मावते:
दोन बाकं, सतरा वाट्या, तडा गेलेला फळा,
आणि रंगांची पेटी, जिच्यात तपकिरी पहिला संपतो,
कारण घोडे.
गुलाबी वर्षानुवर्षं टोकदार.
कागद पशुवैद्याच्या कृपेने:
एका बाजूला मेंढ्या किती, बकऱ्या किती, टोचल्या किती,
पाठ कोरी, ती मुलांची.

तुमेन तीन वर्षांचा. तो अजून नुसती रेघ ओढतो.
रेघ कागद संपला तरी थांबत नाही,
चटईवर उतरते, चटईवरून माझ्या बुटावर.
हे काय काढलंस रे, असं ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात ऐकू आलं,
तो तोंडाने टापा वाजवत होता.
गप्प बसले. बूट हलवला नाही.

ऑगस्टात जिल्ह्याहून गान्झोरिग साहेब आले.
मांडीवर तक्ता, तक्त्यात तीन चौकटी:
माणूस. झाड. घर.

मरलमा पाचाची. माणूस तिने काढला,
टोपीसकट, टोपीशिवाय कुठला माणूस.
झाड म्हटल्यावर विचारलं, "कुठलं?"
कारण इथून अर्ध्या दिवसाच्या रपेटीवर एकच आहे.
मग निळ्या चिंध्या काढल्या, खूप, वाऱ्यावर आडव्या,
आणि उरलेल्या जागेत त्या बांधायला झाड.
घर काढलं:
मोठा गोल, त्यात लहान गोल,
लहानातून मोठ्याकडे धावणाऱ्या काड्या,
आणि आत, जरा बाजूला, एक ठिपका.

साहेबांनी कागद फिरवून पाहिला.
"चाक आहे का? सूर्य?"
दार शोधलं, खिडकी शोधली, उतरतं छप्पर शोधलं.
मग शाईने, नीट अक्षरात लिहिलं:
घर – ओळखता येत नाही.

मी काय बोलणार. मिठाचा चहा ओतला,
वर साय टाकली, वाटी दोन्ही हातांनी पुढे केली.
प्रवासाचा माणूस, जेवला आणि आडवा झाला.
मुलं भोवती झोपलेली, सतरा जणांचा एक श्वास.
त्यांना जाग आली तेव्हा मी वाट्या पुसत होते.
ते उठले नाहीत.
उताणे पडून वर बघत राहिले,
जिथे छताचं वर्तुळ आभाळ कापून घेतं
आणि वासे चहूबाजूंनी खाली येतात.
बराच वेळ.
मग हळूच, कोणी उठू नये अशा आवाजात:
"ठिपका कसला होता?"

मरलमा जागीच होती.
"घार," ती म्हणाली. "तेव्हा होती."

तक्त्यातलं काही बदललं नाही. शाई ती शाई.
चित्र मात्र त्यांनी घडी घालून आतल्या खिशात ठेवलं,
मेंढ्या एकशे ब्याऐंशी, टोचल्या एकशे ब्याऐंशी,
ही बाजू बाहेर.
जाताना शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला होता:
चित्रकोपरा आहे का?
मी म्हटलं, लिहा, आहे.
त्यांनी एकदा भिंतीभर नजर फिरवली,
जाळीच्या प्रत्येक चौकोनात खोचलेले कागद,
आणि लिहिलं.

सप्टेंबरला दोर सोडले. नमदा गुंडाळला,
जाळी मिटली, चित्रं पिठाच्या गोणीत गेली.
जिथे बालवाडी होती तिथे
पिवळ्या, दबलेल्या गवताचा एक गोल उरला,
मध्ये चुलीचा काळा.
मरलमा ट्रकवर चढून वरून बघत होती, बोलली काही नाही.
तुमेनला हाका मारून मारून घसा बसला माझा.
तो काठी घेऊन त्या गोलावरून चालला होता,
गोल संपला तरी थांबला नाही,
काठी टेकलेलीच,
सरळ घोड्यांच्या दिशेने.