सोडवणूक

बाबा गेले तेव्हा मिरजेतली आमची दीड खोली गहाण होती.
मुदत झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी संपणार.

थोरले काका कुपवाडहून आले, गाडी चालूच ठेवून.
"माझंच मला निस्तरेना, करुणा,"
आणि उंबऱ्याशी चप्पल काढून झटकली.
खडा गेला होता.

त्या महिन्यात आई पहिल्यांदा हसली.
"जुन्या करारात अस्संच गं.
जवळचा आप्त नाही म्हणाला
की पायातली वहाण काढून देतो."

शांतवनकाका बाबांचे चुलत-चुलत,
मिशन हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलणारे.
शुक्रवारी चालत आले.
तंबाखूच्या डबीतून घडी घातलेली पावती काढली.
"एवढे कुठून, भावजी?"
"परका भीक घालतो, वहिनी.
सोडवायला रक्तातलाच लागतो."
चहा न घेताच गेले.
सायकल कुठंय, हे आम्ही विचारलंच नाही.

पुढच्या शुक्रवारी पाळकसाहेब तीन तास
खंडणीवर बोलले.
देवाला देह का घ्यावा लागला,
हे त्यांनी चार मुद्द्यांत सांगितलं.

मी पुढच्या सतरंजीवरच्या
शांतवनकाकांच्या टाचा बघत होते.
भेगांत रस्ता होता,
हॉस्पिटलापासून आमच्या दारापर्यंतचा.