बुटांचं खोकं

बाबा गेल्यावर तळघरातून निघालं ते एवढंच:
नऊ नंबरच्या बुटांचं खोकं,
आत चारशे बारा कार्डं, पेन्सिलीनं लिहिलेली.
पेन्सिलीनं, कारण माणसं फिरतात, म्हणायचे,
आणि खोडरबर स्वस्त पडतो.

शिकागोच्या दक्षिणेला, कत्तलखान्यांवरून येणाऱ्या वाऱ्यात,
चार रस्ते बाबांचे होते.
मालकीचे नव्हेत. राखायला दिलेले.
कागदोपत्री ते गटार खात्यात निरीक्षक.
एकतीस वर्षांत त्यांच्या बुटांना
चिखल लागलेला मी पाहिला नाही.

मतं कधी मागितली नाहीत त्यांनी.
टोपी हातात घेऊन दारात उभे राहायचे,
विचारायचे,
नळ गळत नाही ना आता?

ह्रुबी. मतं पाच. थोरला पिऊन सापडला, सोडवून आणला.
विधवा कुबेल्का. मत एक. कोळसा दोन पोती, नाताळला बदक.
ओशॉनेसी, वरचा मजला. मतं तीन, चौथं
येत्या मार्चात वयात येतंय.
त्या चौथ्याला वाढदिवसाला केक गेला होता आमच्याकडून.
मीच नेला होता. दोन्ही हातांनी, बर्फावरून, जपून.

रविवारी प्रार्थनेनंतर
मयतीच्या दुकानावरच्या खोलीत नगरसेवक गिलहूली बसत.
बाबा आकडा सांगत, तेवढाच पेटीतून निघे,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
जास्त निघाला तर तेही चिडायचे,
हा कोण फुकटचा, म्हणायचे,
ज्याचं आपण काहीच केलेलं नाही?

आई एकदाच म्हणाली, ओन्द्रे, सगळी गल्ली मिंधी केलीस.
बाबा भाकरीवर चरबी फासत राहिले.
मग म्हणाले, मिंध्याच्या घरी चूल पेटते, मारिया.
आणि हे खोटं नव्हतं.
एकोणीसशे बत्तीसच्या थंडीत जे वाचले
त्यांना विचारा. मला नका विचारू,
मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

कार्ड दोनशे सत्तर.
घरमालक स्तानेक. मागचा लाकडी जिना: पास.
गिलहूलींशी बोललो.
तारीख जुलैची.
जिना नोव्हेंबरात गेला,
कपडे वाळत घातलेल्या दोरीसकट.
झुझ्का माझ्या वर्गात होती. सात वर्षांची.
तिच्या बाकावर बाईंनी आठवडाभर कुणाला बसू दिलं नाही,
मग बसू दिलं.

कार्ड दोनशे एकाहत्तर, झुझ्काचं घर.
फुलं पाठवली. बापाला बागखात्यात लावला.
मतं दोन.
मी कार्ड दिव्यापाशी धरलं,
काही खोडलंय का पाहायला.
नव्हतं खोडलं. आधीही दोनच होती.
सात वर्षांच्या मुलीला मत नसतं.

मयताला तीनशे माणसं आली.
रडलं फारसं कुणी नाही. प्रत्येकजण
दाराशी ठेवलेल्या वहीत नाव नीट उठलंय ना
हे वाकून बघून गेला.
म्हातारा झुझ्काचा बापही आला,
माझा हात धरून म्हणाला, देवमाणूस होता.
त्याच्या हाताला अजून मातीचा वास होता.
मी हात सोडवून घेतला नाही.

शेवटचं कार्ड आमचं.
आपल्याही घराचं कार्ड असेल
असं का कुणास ठाऊक, वाटलं नव्हतं.
मतं तीन.
लुदमिला: ग्रंथालय. गिलहूलींशी बोललो.

तेवीस वर्षं बसते मी त्या खुर्चीवर.
काम असं फार नाही. पुस्तकांवर शिक्के,
उशिराचा दंड, पाच-पाच सेंट,
तो मी कधी कुणाला माफ केला नाही.
आणि कुणी मोठ्यानं बोलायला लागलं
की मान वर करून
ओठांवर बोट ठेवायचं.