ला आणि चा

बिटको चौकाच्या मागे, पिठाच्या गिरणीवर माझा क्लास.
संध्याकाळी सातला खाली ज्वारी पडते
आणि वर फळा थरथरतो.
बोटांना खडू आहे की पीठ,
घरी गेल्यावर बायको विचारते.

त्या दिवशी शिकवत होतो:
काही क्रियापदांची शेपटी बदलली की अर्थच पालटतो.
रिमेंबर टू लॉक, म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव.
रिमेंबर लॉकिंग, म्हणजे लावल्याचं आठवतंय.
एक अजून व्हायचंय, एक होऊन गेलंय.
तबस्सुमला नर्स म्हणून मस्कतला जायचंय.
ती म्हणाली, सर, माझं दोन्हीत बसत नाही,
मी अर्ध्या रस्त्यातून परत येऊन कडी ओढून बघते.
सगळे हसले.
मग रिग्रेट.
कंपन्या लिहितात, कळवण्यास खेद होतो.
कळवल्याचा खेद झाला, असं पत्र
माझ्या तरी ओळखीत कुणाला आलेलं नाही.

शेवटच्या बाकावर सुपडू आहेर.
नोटांच्या प्रेसमधून रिटायर.
एकतीस वर्षं मोजल्या कोऱ्या नोटा,
नातू लीड्सला, म्हणून आता इंग्रजी.
वहीला खाकी कव्हर. अक्षरंही मोजून दिल्यासारखी.

स्टॉपचं वाक्य करा म्हटलं.
त्यांनी लिहिलं:
आय स्टॉप्ड टॉकिंग टू माय ब्रदर.
मी लाल पेन काढलं.
नाना, इथे स्टॉप्ड टू टॉक हवं.
वाटेत भाऊ भेटला, तुम्ही बोलायला थांबलात.
तुमच्या वाक्याचा अर्थ होतो,
बोलायचे थांबलात.

त्यांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला.
बरोबर आहे सर ते.
सत्त्याण्णव साली. आईच्या ऑपरेशनच्या बिलावरून.
साडेचार हजार.
मग जरा थांबून,
आपल्यातही तसंच की.
बोलायला थांबलो, बोलायचा थांबलो.
ला आणि चा. एवढंच मधे.

खाली कुणाचं तरी दळण संपलं.
फळा एकदम स्थिर झाला.
मी पेनाला टोपण लावलं
आणि गृहपाठ द्यायचा विसरलो.
विसरलो म्हणजे कुठल्या प्रकारे, ते कुणी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी, ते आले नाहीत.
रात्री बसने द्वारकेकडे निघालो होतो,
उपनगर नाक्यावर सिग्नल लागला.
पलीकडे रसवंतीपाशी त्यांची स्कूटर, स्टँडवर.
समोर त्यांच्याच कपाळाचा एक म्हातारा,
हातातल्या पिशवीतून मेथी बाहेर आलेली.
मधे ग्लास दोन होते की एक,
बसच्या धुळकट काचेतून नीट दिसेना.
ओठ हलताहेत का, तेही.

सुपडूनाना थांबले होते, एवढं नक्की.
पुढचं क्रियापद कळायच्या आत
सिग्नल सुटला.